नको त्या पॉपअप खिडक्या अडवणारी छोटी स्क्रिप्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेचं बटण दाबलं आणि व्हिडिओऐवजी भलत्याच साइटचा टॅब उघडला. तो बंद करून पुन्हा दाबलं, तर आणखी एक. दहा-पंधरा ओळींची स्वतःची स्क्रिप्ट लिहून हा वैताग बराच कमी करता येतो. मी अशा स्क्रिप्ट बरीच वर्षं लिहितोय आणि स्वतःच लिहिलेल्या स्क्रिप्टमुळे अडचणीतही आलोय. त्यावरून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. जावास्क्रिप्टची तोंडओळख असेल तर सगळं समजेल. नसेल तर निदान सुरुवातीचे प्रश्न वाचा, कदाचित स्क्रिप्टची गरजच पडणार नाही.

ब्राउझरमध्ये पॉपअप ब्लॉकर आधीच असतो. मग आणखी स्क्रिप्ट कशाला?

असतो, आणि तो कामही करतो. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ब्लॉकर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फायरफॉक्सची १.० आवृत्ती तो घेऊनच आली. त्याआधी पान उघडताक्षणी खिडक्यांची रांग लागायची, ती तेव्हापासून बंद झाली.

पण ब्लॉकर एवढंच बघतो की खिडकी आपोआप उघडतेय, की वापरणाऱ्याने काही केल्यावर. आपोआप उघडणारी अडवायची, क्लिकनंतरची जाऊ द्यायची. तुम्ही क्लिक केलं किंवा कळ दाबली की ब्राउझर पानाला थोड्या वेळापुरती परवानगी देतो. क्रोममध्ये ती साधारण ५ सेकंद टिकते, आणि एक खिडकी उघडली की खर्ची पडते. जाहिरातवाले मग तुमच्या पहिल्या क्लिकची वाट बघत बसतात. क्लिक कशावर केलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ब्राउझरच्या लेखी क्लिक तुमचं, म्हणजे खिडकीही तुम्हीच मागितलेली. कुठली खिडकी हवी होती आणि कुठली नको, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. ते ब्राउझरला सांगण्याची सोय म्हणजे ही स्क्रिप्ट.

मला जे छळतंय ते पॉपअपच आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण विचारला जातो सगळ्यात शेवटी. ‘पॉपअप’ या एका शब्दाखाली लोक निदान चार वेगळ्या गोष्टी सांगतात.

नवी खिडकी किंवा नवा टॅब उघडतो, त्याला स्वतःचा अ‍ॅड्रेस बार असतो: हा खरा पॉपअप, आणि हे पान त्याच्याबद्दल आहे.

पानावरच एक चौकट येते, मागचं सगळं धूसर होतं, ‘आमचं वार्तापत्र घ्या’ किंवा ‘कुकीज मान्य करा’ असं काहीतरी असतं: ही खिडकी नाही, पानाचाच एक तुकडा आहे. खिडक्या अडवणारी स्क्रिप्ट त्याला हातही लावणार नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात पट्टी सरकून येते, ब्राउझर समोर नसतानासुद्धा: हे नोटिफिकेशन. कधीतरी घाईत ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइटच्या परवानग्यांत जाऊन ती साइट काढून टाका, एवढं पुरतं. माझ्याकडे ‘पॉपअप थांबत नाहीत’ म्हणून आलेल्या तक्रारींत निम्म्याहून जास्त हेच निघालं.

आणि ब्राउझर पूर्ण बंद असताना खिडक्या उघडत असतील, किंवा प्रत्येक साइटवर, अगदी शोधयंत्राच्या पानावरही त्याच जाहिराती दिसत असतील, तर दोष साइटचा नाही. एखादं एक्स्टेन्शन किंवा संगणकात शिरलेला प्रोग्राम शोधा. तिथे स्क्रिप्ट लिहीत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पान नवी खिडकी उघडतं तरी कसं?

सरळ रस्ता म्हणजे ‘विंडो डॉट ओपन’ नावाचं फंक्शन. त्याला पत्ता, खिडकीचं नाव आणि आकार वगैरे तपशील देता येतात. बदल्यात ते उघडलेल्या खिडकीचा ताबा परत देतं. ब्राउझरने खिडकी अडवली तर ‘नल’ देतं, म्हणजे काहीच नाही. हा परतावा लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्यावरच आहे.

दुसरा रस्ता म्हणजे लिंक. लिंकच्या ‘टार्गेट’मध्ये ‘_ब्लँक’ लिहिलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते. अशी लिंक पानावर दिसायलाच हवी असं नाही. स्क्रिप्ट ती हवेत तयार करते, तिच्यावर खोटं क्लिक करते आणि टाकून देते. फॉर्मचंही तसंच, त्यालाही टार्गेट असतं.

शिवाय पानाच्या आत आयफ्रेम असतात, म्हणजे पानात बसवलेली दुसरी पानं. प्रत्येक आयफ्रेमचं स्वतःचं वेगळं ‘विंडो’ असतं, आणि त्यात स्वतःचं वेगळं ‘ओपन’. बाहेरचं दार बंद केलं तरी आतली दारं उघडीच राहतात.

स्क्रिप्ट लिहायला काय काय लागतं?

स्क्रिप्ट चालवणारं एक एक्स्टेन्शन. ही कल्पना ग्रीजमंकी या फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनने २००५ च्या सुमारास रुजवली. आज टॅम्परमंकी आणि व्हायोलंटमंकी ही दोन जास्त वापरात आहेत. व्हायोलंटमंकीचा कोड खुला आहे म्हणून माझा कल तिकडे, पण दोन्हीत काम सारखंच होतं. ग्रीजमंकीच्या चौथ्या आवृत्तीपासून स्क्रिप्ट पानापासून जरा अंतर राखून चालते, त्यामुळे खाली सांगितलेलं तिथे जसंच्या तसं चालणार नाही.

क्रोममध्ये एक खाच आहे. एक्स्टेन्शन बसवूनही स्क्रिप्ट ढिम्म हलत नाही, कारण वेगळी परवानगी द्यावी लागते. १३८ व्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शनच्या तपशिलाच्या पानावर ‘अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स’ नावाचं बटण आहे, ते चालू करा. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत एक्स्टेन्शनच्या यादीच्या पानावरचा डेव्हलपर मोड चालू करावा लागायचा.

सगळ्यात छोटी चालणारी स्क्रिप्ट कशी असते?

तयार कोड इथे मुद्दामच चिकटवलेला नाही. ओळ काय करते ते सांगतो, अक्षरं तुम्ही टाइप करा. स्वतः टाइप केलेल्या दहा ओळी बिघडल्या तर दुरुस्त करता येतात, उचललेल्या शंभर ओळींचं काय करायचं हेच कळत नाही.

एक्स्टेन्शनमध्ये ‘नवी स्क्रिप्ट’ दाबलं की वरचा मथळा आपोआप येतो. त्या ओळी दिसायला कॉमेंटसारख्या असतात, पण एक्स्टेन्शन त्या वाचतं. त्यातल्या तीन महत्त्वाच्या. ‘@मॅच’मध्ये कुठल्या साइटवर चालायचं तो पत्ता, शेवटी तारका लावून. ‘@रन-अ‍ॅट’मध्ये ‘डॉक्युमेंट-स्टार्ट’, म्हणजे पानाचा स्वतःचा कोड धावायच्या आधी. आणि ‘@ग्रँट’मध्ये ‘नन’, म्हणजे स्क्रिप्ट पानाच्याच घरात चालेल, वेगळ्या खोलीत नाही.

मथळ्याखाली एकच ओळ: ‘विंडो डॉट ओपन’ला एक नवं फंक्शन नेमून द्यायचं, जे काहीही न करता ‘नल’ परत देतं. झालं. आता त्या पानाने खिडकी मागितली की तुमचं फंक्शन उत्तर देतं, आणि उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. ‘नल’ दिल्यामुळे पानाला वाटतं की ब्राउझरच्या ब्लॉकरनेच अडवलं, आणि नीट लिहिलेल्या साइट्स तेवढं पचवतात.

मग एवढंच करून मोकळं व्हायचं का?

नाही, त्याच्या आधी एक दिवस नुसती नोंद घ्या. मला हे उशिरा सुचलं.

पहिलं रूप असं ठेवा: जुनं ‘ओपन’ एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचं. नव्या फंक्शनमध्ये आधी ‘कन्सोल डॉट ट्रेस’ला (कुठल्या फाइलमधून बोलावलं तेही नोंदवणारं फंक्शन) मागितलेला पत्ता द्यायचा, आणि मग जपून ठेवलेलं जुनं फंक्शन आलेल्या सगळ्या तपशिलांसह बोलवून त्याचा परतावा तसाच पुढे द्यायचा. म्हणजे काहीच अडत नाही, फक्त वहीत नोंद होते. डेव्हलपर टूल्समधला कन्सोल उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा, नाहीतर पान बदललं की नोंद पुसली जाते. आता नेहमीसारखं वापरा.

एका व्हिडिओच्या साइटवर मी हे केलं तेव्हा कन्सोलमध्ये दिसलं की पहिल्या तीन क्लिकना प्रत्येकी एक खिडकी मागितली गेली, तिन्ही वेळा एकाच फाइलमधून, आणि ती फाइल साइटची नव्हतीच, तिसऱ्याच पत्त्यावरून येत होती. चौथ्या क्लिकपासून शांतता. मग प्लेच्या बटणावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केलं, तर बटण नाहीच! त्याच्यावर पूर्ण प्लेअरभर पसरलेला एक पारदर्शक डिव्ह (पानावरचा चौकोनी तुकडा) होता, आणि त्याचा झेड-इंडेक्स (थरांत कोण वर हे ठरवणारा आकडा) २१४७४८३६४७. ही अधिक-उणे चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या. आपल्या वर कोणी चढू नये म्हणून इतका उंच पाट मांडून बसलेला. मी बटणावर क्लिक करतच नव्हतो, या काचेवर करत होतो.

ती नोंद नसती तर मी सगळ्या खिडक्या अडवणारी स्क्रिप्ट लिहिली असती. प्रत्यक्षात तो एक डिव्ह काढून टाकणं आणि त्या एका पत्त्याला नकार देणं एवढंच काम होतं.

स्क्रिप्ट लिहिली, पण काहीच अडत नाही.

पहिल्यांदा फंक्शनच्या बाहेर, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत कन्सोलवर काहीतरी लिहा, ‘आलो’ लिहिलं तरी चालेल. ते दिसत नसेल तर स्क्रिप्ट चालतच नाही: मॅचचा पत्ता चुकला आहे किंवा वर सांगितलेली क्रोमची परवानगी राहिली आहे. मॅचमध्ये ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ असलेला आणि नसलेला पत्ता वेगळा धरला जातो, यात पुष्कळ जण फसतात.

‘आलो’ दिसतं पण खिडक्या उघडतात, तर रन-अ‍ॅट बघा. ती ओळ लिहिली नाही तर टॅम्परमंकी पान बरंचसं तयार झाल्यावर स्क्रिप्ट चालवतं. तोवर जाहिरातीच्या कोडने मूळ ‘ओपन’ची प्रत स्वतःजवळ काढून ठेवलेली असते. तुम्ही नंतर दारावरची पाटी बदलता, पण किल्ली आधीच कोणाच्या तरी खिशात गेलेली असते.

ग्रँटही तपासा. ‘नन’च्या जागी दुसरं काही असेल तर स्क्रिप्ट वेगळ्या खोलीत चालते. तुम्ही बदललेलं ‘ओपन’ फक्त त्या खोलीतलं असतं, पानाला त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी ‘विंडो’च्या जागी ‘अनसेफ-विंडो’ वापरावं लागतं. नाव भीतिदायक आहे, आणि ते बरोबरच आहे: पानाला तुमच्या स्क्रिप्टपर्यंत पोचायची वाट त्यातून मिळू शकते.

मग आयफ्रेम. ‘@नोफ्रेम्स’ ही ओळ मथळ्यात असेल तर काढा, म्हणजे स्क्रिप्ट आतल्या पानांतही चालेल. मात्र आतल्या पानाचा पत्ताही मॅचमध्ये बसायला हवा. व्हिडिओ प्लेअर बहुतेक वेळा दुसऱ्याच पत्त्यावरच्या आयफ्रेममध्ये असतो. नोंद घेताना ट्रेसमध्ये तो पत्ता दिसतो, तोही मॅचमध्ये जोडा.

हे सगळं बरोबर असूनही टॅब उघडत असेल तर खिडकी ‘ओपन’मधून येतच नाहीये, लिंकमधून येतेय. पुढचा प्रश्न बघा.

लिंकमधून उघडणारे टॅब कसे अडवायचे?

पानावर खरोखर असलेल्या लिंकसाठी: ‘विंडो’वर क्लिकचा लिसनर लावा आणि ‘कॅप्चर’ ‘ट्रू’ ठेवा. क्लिक वरून खाली येताना सगळ्यात आधी तुमच्या हाती लागतं, पानाच्या हाती नंतर. ते लिंकवर पडलं आहे का, त्या लिंकचं टार्गेट नव्या टॅबचं आहे का, आणि पत्ता परक्या साइटचा आहे का, हे पाहा. तिन्ही ‘हो’ असतील तर ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’, म्हणजे लिंक उघडत नाही, आणि त्याच्या जोडीला ‘स्टॉप-इमिजिएट-प्रोपगेशन’, म्हणजे क्लिक पुढे पानापर्यंत जात नाही. इव्हेंटमध्ये ‘इज-ट्रस्टेड’ नावाची खूण असते. खऱ्या माणसाच्या क्लिकवर ती ‘ट्रू’, कोडने केलेल्या क्लिकवर ‘फॉल्स’. कोडने केलेलं क्लिक आणि परकी साइट, असा मेळ दिसला की मी विचार न करता अडवतो.

हवेत तयार केलेली लिंक मात्र यातून निसटते. ती पानाला जोडलेलीच नसते, त्यामुळे तिचं क्लिक ‘विंडो’पर्यंत पोचतच नाही. तिच्यासाठी ‘एचटीएमएल-एलिमेंट’च्या प्रोटोटाइपवरचं ‘क्लिक’ हे फंक्शन ‘ओपन’सारखंच बदलायचं: ज्याच्यावर बोलावलं ती लिंक आहे आणि टार्गेट नव्या टॅबचं आहे, तर पत्ता तपासायचा, नाहीतर जुन्या फंक्शनकडे सोपवायचं. ‘डिस्पॅच-इव्हेंट’ वापरूनही हीच चाल खेळता येते, पण सगळ्याच भोकांना बूच लावत बसू नका. तुमच्या साइटवर जे दिसतंय तेवढंच बुजवा.

स्क्रिप्ट चालू केल्यापासून लॉगिन होत नाही, पावती उघडत नाही. काय करू?

तुम्ही एकटे नाही. मी ‘सगळ्याला नाही’ म्हणणारी स्क्रिप्ट एकदा सगळ्या साइट्सवर चालू ठेवून विसरून गेलो. महिन्याभराने एका ठिकाणी पैसे भरत होतो. बटण दाबलं, चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. साइटला मनसोक्त शिव्या घातल्या, ब्राउझर बदलून पाहिला तर तिथे झटक्यात झालं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

झालं होतं असं. अशा पानांवर आधी एक रिकामी खिडकी उघडतात, तिला नाव देतात, आणि मग फॉर्म त्या नावाच्या खिडकीत पाठवतात. किंवा खिडकी उघडून दर अर्ध्या सेकंदाला ‘ती बंद झाली का’ असं विचारत राहतात, बंद झाली की पुढे जातात. दुसऱ्या साइटच्या खात्याने लॉगिन करायची बटणंसुद्धा बऱ्याचदा अशीच चालतात. खिडकीऐवजी ‘नल’ हातात आलं तर नीट लिहिलेलं पान ‘पॉपअप चालू करा’ असं सांगतं. आळसाने लिहिलेलं पान ‘नल’लाच पत्ता द्यायला जातं, तिथेच एरर येते आणि चक्र फिरत राहतं.

यावर उपाय तीन, माझ्या आवडीच्या उतरत्या क्रमाने.

स्क्रिप्टला साइट मोजक्या द्या. मॅचमध्ये सगळ्या जगाचा पत्ता टाकायचा मोह टाळा. त्रास देणाऱ्या साइट्स आपण रोज वापरतो त्यातल्या दोन-चारच असतात.

परवानगीची यादी ठेवा. मागितलेला पत्ता ‘यूआरएल’ या तयार साधनाने फोडून त्यातलं होस्टचं नाव काढायचं. ते याच साइटचं किंवा यादीतलं असेल तर जुनं ‘ओपन’ बोलवायचं. पत्ता रिकामा असेल तेव्हा पंचाईत होते, कारण खिडकी पुढे कुठे जाणार हे त्या क्षणी कळूच शकत नाही. त्रासाच्या साइटवर मी रिकामी खिडकी अडवतो, बाकी ठिकाणी स्क्रिप्टच चालत नाही.

किंवा ‘नल’ऐवजी बाहुली द्या: एक साधं ऑब्जेक्ट, ज्यात ‘फोकस’ आणि ‘क्लोज’ ही रिकामी फंक्शन्स आहेत, ‘लोकेशन’ आहे आणि ‘क्लोज्ड’ आहे. काही साइट्स ‘नल’ मिळालं की व्हिडिओच चालू करत नाहीत, त्यांची यावर समजूत पटते. ‘क्लोज्ड’मध्ये ‘ट्रू’ ठेवायचं की ‘फॉल्स’ हे साइटवर अवलंबून. ‘ट्रू’ असेल तर तिला वाटतं तुम्ही जाहिरात उघडून लगेच बंद केली. काहींना तेवढं चालतं, काही रुसतात.

प्रत्येक वेळी मलाच विचारलं तर? ‘ही खिडकी उघडू का?’

छान कल्पना, पण तयार ‘कन्फर्म’ वापरून करू नका. ते उघडं असताना घड्याळ थांबत नाही. तुम्ही पत्ता वाचून विचार करेपर्यंत क्लिकची परवानगी संपली, तर ‘हो’ म्हणूनही ब्राउझरचा स्वतःचा ब्लॉकर खिडकी अडवेल.

त्याऐवजी पानाच्या तळाशी एक बारीक पट्टी दाखवा: पत्ता आणि शेजारी ‘उघडा’. त्या बटणावरचं क्लिक हे नवं क्लिक, त्याला नवी परवानगी मिळते. खिडकीचा ताबा मूळ पानाला मिळत नाही हा तोटा आहे, त्यामुळे पैसे भरायच्या पानांवर हे चालणार नाही. जाहिरातीच्या साइट्सवर उत्तम चालतं.

क्लिक केलं की माझा मूळ टॅबच जाहिरातीवर जातो, आणि मला हवं होतं ते नव्या टॅबमध्ये उघडतं. हा काय प्रकार?

एका क्लिकला एकच खिडकी मिळते म्हणून काढलेली ही पळवाट. नव्या टॅबमध्ये तुमचं पान उघडायचं, आणि मागे राहिलेला टॅब जाहिरातीकडे न्यायचा. टॅब दुसरीकडे नेण्याला खिडकीची परवानगी लागत नाही.

‘ओपन’ बदलता येतं तसं ‘विंडो डॉट लोकेशन’ बदलता येत नाही, ब्राउझरने ते कुलूपबंद ठेवलेलं आहे. त्यामुळे इथे मुळावरच घाव घालावा लागतो: क्लिक कॅप्चरमध्ये पकडायचं, पानाच्या लिसनरपर्यंत पोचूच द्यायचं नाही, आणि लिंक असेल तर तिच्या पत्त्यावर आपणच जायचं.

साइटला माझी स्क्रिप्ट कळते का?

शोधायचं ठरवलं तर कळते. ब्राउझरच्या मूळ फंक्शनला मजकुरात बदललं तर आत ‘नेटिव्ह कोड’ असं लिहिलेलं येतं, तुमच्याचा मात्र अख्खा कोड दिसतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे पान स्वतःच एक रिकामा आयफ्रेम तयार करतं आणि त्यातलं कोरं ‘ओपन’ वापरतं. तुम्ही ‘ओपन’ला ‘डिफाइन-प्रॉपर्टी’ने न बदलण्याजोगं केलं तरी ते तुमच्याच विंडोपुरतं. या उंदरा-मांजराच्या खेळाला अंत नाही. एखाद्या साइटसाठी स्क्रिप्ट चाळीस ओळींच्या वर गेली की मी ती साइट वापरणं सोडतो.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आहे, तरी स्क्रिप्ट लागेल?

बहुधा नाही. यूब्लॉक ओरिजिनसारखं साधन जाहिरातीची फाइल मुळात येऊच देत नाही, म्हणजे खिडकी मागायला कोणी उरतच नाही. त्यात साइटपुरते सगळे पॉपअप बंद करायचं बटणही आहे. क्रोमने एक्स्टेन्शनचे जुने नियम बंद केल्यावर तिथे त्याचं हलकं भावंड यूब्लॉक ओरिजिन लाइट वापरावं लागतं, फायरफॉक्सवर मूळचं चालतं. यातूनही निसटणाऱ्या एखाद-दुसऱ्या साइटसाठी स्क्रिप्ट राखून ठेवा.

साइटची जावास्क्रिप्टच बंद केली तर?

वाचायच्या साइटसाठी झकास उपाय, साइटच्या परवानग्यांत एक बटण दाबायचं. व्हिडिओ, फॉर्म, लॉगिन यांना निरुपयोगी.

मोबाइलवर चालेल?

अँड्रॉइडवर फायरफॉक्स वापरत असाल तर हो, तिथे वर सांगितलेली एक्स्टेन्शन्स बसतात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनच बसत नाहीत. आयफोनवर २०२१ साली आलेल्या आयओएस १५ पासून सफारी एक्स्टेन्शन घेतं, आणि स्क्रिप्ट चालवणारी एक्स्टेन्शन्स तिच्यासाठी मिळतात. फोनवर कन्सोल उघडणं जिकिरीचं, म्हणून स्क्रिप्ट संगणकावर तयार करा, पारखा, मग फोनवर न्या.

नेटवर तयार स्क्रिप्ट मिळतात. त्याच घेतल्या तर?

घ्या, पण आधी वाचा. ग्रँट ‘नन’ असलेली स्क्रिप्ट पानावर तुम्ही जे पाहता ते पाहू शकते, जे टाइप करता ते वाचू शकते. पॉपअप अडवणाऱ्या स्क्रिप्टला बाहेर काही पाठवायचं कारण नसतं. त्यात दुसऱ्या सर्व्हरशी बोलणारी ओळ दिसली, किंवा सगळा कोड वाचताच येणार नाही असा गुंडाळून ठेवला असेल, तर परत ठेवा. मॅचमध्ये सगळं जग असेल तर बसवल्यावर लगेच ते आपल्या दोन-चार साइट्सपुरतं कापा. आपोआप अद्ययावत होणंही बंद ठेवा. आज तपासलेली स्क्रिप्ट उद्या वेगळी असू शकते.

कोणी ‘हे कन्सोलमध्ये चिकटव, पॉपअप जातील’ म्हणालं तर मुळीच ऐकू नका. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही कन्सोलमध्ये पहिल्यांदा चिकटवताना हटकतात ते याच फसवणुकीपायी.

हे पॉपअप कोणाच्या डोक्यातून आले हो?

इथन झुकरमन यांच्या. १९९० च्या दशकात ते ट्रायपॉड या कंपनीत होते. तिथे लोक स्वतःची पानं फुकट बनवत आणि कंपनी त्यावर जाहिराती लावत असे. एका कार कंपनीची जाहिरात नको त्या विषयाच्या पानावर झळकली आणि ती कंपनी बिथरली. तेव्हा जाहिरात पानाला चिकटलेली दिसू नये म्हणून तिच्यासाठी वेगळी खिडकी उघडायचा कोड त्यांनी लिहिला. २०१४ साली त्यांनी एका मासिकाच्या संकेतस्थळावर लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मला हा माणूस आवडतो, माफी मागणारे कमीच.

स्क्रिप्ट चालतेय. आता विसरून जाऊ का?

एक सोय करून ठेवा. काही अडवलं की टॅबच्या शीर्षकाच्या आधी एक छोटं चिन्ह लागेल अशी एक ओळ जोडा, मी ठिपका लावतो. पुढे कधी एखादं बटण मुकं झालं आणि तुम्ही साइटवर चिडलात, तर आधी वर बघा. ठिपका असेल तर एक्स्टेन्शनच्या आयकॉनवर जाऊन स्क्रिप्ट बंद करा, पान पुन्हा उघडा आणि तेच बटण दाबा.